'ते कुठून आले, ते कसं कळतं?' : गोवा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र अभ्यासमंडळास खुले पत्र

प्रति,
सन्माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
भौतिकशास्त्र अभ्यासमंडळ, गोवा विद्यापीठ, ताळगाव पठार.

प्रत माहितीसाठी : उच्च शिक्षण संचालनालय, पर्वरी.

विषय : पदवीच्या प्रयोगशाळेत साध्या, परवडणाऱ्या स्कॅनरवर पेट स्कॅनचा प्रयोग सुरू करण्याबाबत.

सादर नमस्कार.

मी डिचोलीत राहते आणि गेली सव्वीस वर्षे गोव्यातील पदवी महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकवत आले आहे. हे पत्र आपल्याला खासगीतही पाठवता आले असते; परंतु त्यातील मागणीचा संबंध आपल्या मंडळाइतकाच राज्यातील इतर शिक्षकांशी, प्रयोगशाळा साहाय्यकांशी, विद्यार्थ्यांशी आणि त्यांच्या पालकांशीही येतो, म्हणून ते उघडपणे लिहीत आहे. पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी, म्हणजे ज्याला आपण सर्वजण पेट स्कॅन म्हणतो, तो विषय बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत प्रयोग म्हणून यावा आणि दोन डिटेक्टर व एक फिरती थाळी एवढ्यावर उभ्या राहणाऱ्या साध्या स्कॅनरवर तो विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी करावा, अशी माझी मागणी आहे.

या मागणीची सुरुवात प्रयोगशाळेत झालेली नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाला तपासणीसाठी मुंबईला न्यावे लागले. सकाळपासून उपाशी पोट, बोट टोचून साखरेची तपासणी, मग जाड आवरणातून आणलेली सिरिंज, आणि त्यानंतर तासभर एका शांत खोलीत न बोलता, न हालता पडून राहणे. आत नेण्यापूर्वी तो मला म्हणाला, "तू फिजिक्स शिकवतेस ना, मग सांग, त्या रिंगमध्ये काय असतं?" मी सांगितले की, तुला टोचलेल्या साखरेतून पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखेच पण धन भाराचे कण, निघतात, ते इलेक्ट्रॉनला भेटून नाहीसे होतात, त्यातून गॅमा किरण बाहेर पडतात आणि रिंग ते टिपते. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "टिपले, ठीक आहे. पण ते कुठून आले, ते कसं कळतं?" त्याची सारी नोकरी खाणीवरच्या यंत्रांच्या दुरुस्तीत गेली आहे, त्यामुळे यंत्र म्हटले की त्याचा प्रश्न नेमका मर्मावर जातो. मी म्हटले, "ते कॉम्प्युटर काढतो." तो पुढे काही बोलला नाही. तो आता बरा आहे, पण ते उत्तर मला अजून सलते.

सलते याचे कारण असे की, त्याआधी मी कितीतरी वर्षे पॉझिट्रॉन शिकवला होता. पॉल डिरॅक यांच्या समीकरणातून तो कसा सुचला, १९३२ साली कार्ल अँडरसन यांना तो कणांच्या वाटा दाखवणाऱ्या क्लाउड चेंबरमध्ये कसा दिसला, १९३४ साली इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्यूरी यांनी ॲल्युमिनियमवर अल्फा कणांचा मारा करून पॉझिट्रॉन सोडणारा कृत्रिम किरणोत्सारी फॉस्फरस कसा मिळवला, हे सारे मी फळ्यावर लिहीत होते. पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांवर कसे विखुरतात याचे गणित १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडणारे होमी भाभा आपलेच, हे सांगताना माझा आवाजही थोडा चढत असे. माझे विद्यार्थी 'पेट स्कॅनवर टीप लिहा' या प्रश्नाला पाचपैकी पाच गुण मिळवत होते. आणि तरीही यंत्रापुढे उभ्या असलेल्या एका माणसाच्या साध्या प्रश्नाला त्यांच्या शिक्षिकेजवळ उत्तर नव्हते. कारण त्या टिपेत जे लिहिले जाते ते भौतिकशास्त्र खरे असले, तरी चित्र कसे तयार होते हे त्यात कुठेच नसते.

उत्तर खरे तर फार सुंदर आहे. पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांना संपवतात तेव्हा त्यांचे वस्तुमान दोन फोटॉनांच्या, म्हणजे गॅमा किरणांच्या दोन कणांच्या, रूपाने बाहेर पडते. प्रत्येकाची ऊर्जा ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि दोघांच्या दिशा एकमेकांच्या अगदी उलट. संवेग शून्य होता, तो शून्यच राहिला पाहिजे, एवढेच त्यामागचे कारण. मग समोरासमोर ठेवलेल्या दोन डिटेक्टरांत एकाच क्षणी टिचकी वाजली, तर ती घटना त्या दोघांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर कुठेतरी घडली, हे निश्चित झाले. रेषेवर नेमकी कुठे, हे कळले नाही; पण रेषा कळली. अशा अनेक दिशांच्या रेषा जमल्या की त्या जिथे गर्दी करतात तिथे मूळ जागा. भावाच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच होते, आणि ते वर्गात सांगून पोहोचत नाही, टेबलावर करून दाखवले की कोणालाही पोहोचते, हे मला पुढच्या काही वर्षांत कळले.

आमच्या प्रयोगशाळेत सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाचा एक गॅमा डिटेक्टर होता. दुसरा एका स्नेही महाविद्यालयाने उसना दिला. तो मी कदंब बसमधून पंच्यात गुंडाळून मांडीवर ठेवून आणला, कारण हा स्फटिक धक्का सोसत नाही, आणि आपल्या पावसाळ्यातली दमट हवा तर त्याला अजिबात सोसत नाही. आवरणाला बारीकशी चीर पडली तरी तो ओल धरतो आणि पिवळा पडून निकामी होतो. किरणोत्सारी स्रोत अर्थातच बसमधून आणलेला नव्हता, तो आमच्याच शिशाच्या डब्यात होता : पॉझिट्रॉन सोडणाऱ्या सोडियम-२२चा बटणाएवढा बंदिस्त स्रोत, अर्धायुष्य (म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ) २.६ वर्षे, त्यामुळे डब्यावरची तारीख पाहून तो आता किती उरला आहे हे काढणे हाच पहिल्या दिवसाचा पहिला हिशोब. दोन्ही डिटेक्टरांच्या संकेतांतून ५११च्या आसपासचे तेवढे निवडायचे आणि ते एका अँड गेटला द्यायचे. हे गेट म्हणजे दुसऱ्या सत्रात ज्याचे ट्रुथ टेबल पाठ करून मुले कंटाळलेली असतात, तोच ७४०८ क्रमांकाचा आयसी. दोन्हीकडून एकदम संकेत आला तरच मोजणी एकाने पुढे सरकते. ही युक्ती जुनी आहे. ब्रूनो रॉस्सी यांनी १९३० साली निर्वात नळ्यांनी असे मंडल बांधले होते आणि कॉस्मिक किरणांचा अभ्यास त्यावर उभा राहिला. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या तासाला हे कोणीतरी सांगितले असते, तर तो तास मुलांनी इतक्या लवकर विसरला नसता असे मला वाटते.

स्रोत मध्ये, डिटेक्टर समोरासमोर, दोघेही पंचवीस-पंचवीस सेंटिमीटरांवर. आमचा स्रोत जुना झालेला असूनही शंभर सेकंदांत शेकडो जोड्या मोजल्या गेल्या. मग एक डिटेक्टर त्याच अंतरावर ठेवून वीस अंश बाजूला सरकवला. त्याच शंभर सेकंदांत आकडा हाताच्या बोटांवर मोजता येईल इतका खाली आला. मुले त्या काउंटरकडे पाहत राहिली. संवेगाची अक्षय्यता हा शब्द त्यांनी अकरावीपासून ऐकला होता. पण तो असा टेबलावर, एका लाकडी पट्टीच्या वीस अंशांत, त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

त्यानंतर सत्तरीतून येणाऱ्या एका मुलीने विचारलेला प्रश्न मी माझ्या नोकरीतील सर्वोत्तम प्रश्नांत धरते. ती म्हणाली, "मॅडम, शून्य का नाही आलं?" वीस अंशांवर जोडी मिळायलाच नको होती, मग हे चार-पाच आकडे आले कुठून? त्या एका प्रश्नावर आमचे पुढचे दोन प्रॅक्टिकल गेले. एक कारण योगायोगाचे : दोन वेगवेगळ्या अणूंतून आलेले दोन फोटॉन निव्वळ नशिबाने एकाच वेळी दोन्हीकडे पोहोचतात. हा योगायोग किती वेळा घडेल ते दोन्ही बाजूंचे मोजणीचे वेग आणि गेट उघडे राहण्याचा काळ यांच्या गुणाकारातून काढता येते. दोन्हीकडे सेकंदाला दोनशे संकेत येत असतील आणि प्रत्येक संकेत एक मायक्रोसेकंद रुंद असेल (दोघांपैकी कोणताही आधी आला तरी मेळ पडतो, म्हणून काळ दुप्पट धरायचा), तर शंभर सेकंदांत असे आठ खोटे मेळ पडतील; संकेत दहापट अरुंद केला तर आठाचा जेमतेम एक उरेल. रुग्णालयातील यंत्रांत हा काळ काही नॅनोसेकंदांचा का ठेवतात, हे त्या दिवशी कोणालाही समजावून सांगावे लागले नाही. दुसरे कारण सोडियम-२२च्या स्वभावातच आहे. तो पॉझिट्रॉन सोडतो तेव्हा मागोमाग १२७५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा आणखी एक गॅमा किरण देतो, त्याला दिशेचे बंधन नसते, आणि त्याची थोडी ऊर्जा डिटेक्टरात सांडली की तो ५११चे सोंग घेऊ शकतो. हे पाठ्यपुस्तकातून शिकवायचे तर एक ओळ पुरते. शून्य न येणाऱ्या काउंटरसमोर बसून शिकले की ते विसरता येत नाही.

आता चित्राकडे येते. दोन्ही डिटेक्टरांपुढे शिशाच्या विटांमधून काही मिलिमीटरची फट ठेवली. मध्ये म्हापशाच्या बाजारातून आणलेली, केक सजवायची फिरती थाळी. तिच्या कडेला अंशांच्या खुणा चिकटवल्या आणि ती थाळी एका सरकत्या पाटावर बसवली, म्हणजे ती बाजूला सरकवताही येते आणि फिरवताही येते. थाळीवर मिठाईचा रिकामा खोका, आणि खोक्याखाली मी चिमट्याने दोन ठिकाणी स्रोत ठेवले, ते कुठे हे मुलांना न सांगता. त्यांनी प्रत्येक कोनावर थाळी मिलिमीटर-मिलिमीटरने सरकवायची, मोजणी कुठे चढते ते पाहायचे, आणि तेवढे नोंदवायचे.

संगणकाकडे जाण्याआधी मी त्यांना हिराची केरसुणी सोडायला लावली. नारळाच्या झावळीचे हीर सरळ असतात, हलके असतात आणि गोव्यात कोणत्याही घरात फुकट मिळतात. थाळीच्याच मापाची पुठ्ठ्याची एक तबकडी कापली, तिच्या कडेला तेच अंश लिहिले, आणि मोजणी जिथे चढली त्या प्रत्येक रेषेसाठी एक हीर आडवा ठेवायचा, असे ठरवले. पहिल्या कोनाला दोन स्रोतांचे दोन हीर समांतर पडले. दुसऱ्या कोनाला आणखी दोन. चार हीर, चार छेद. मुलांनी आनंदाने जाहीर केले की खोक्याखाली चार स्रोत आहेत. मी काहीच बोलले नाही. तिसऱ्या कोनाचे दोन हीर ठेवल्यावर ते चारांपैकी दोनच छेदांवरून गेले, उरलेले दोन छेद रिकामे पडले, आणि वर्गात एकदम शांतता झाली. चौथ्या, पाचव्या कोनानंतर वाद संपला. दोन दिशांनी पाहिल्यावर जे दिसते त्यात खऱ्याबरोबर भासही असतो आणि दिशा वाढवल्या की भास गळून पडतो, टोमोग्राफीचे, म्हणजे बाहेरच्या मोजणीतून आतले चित्र काढण्याचे, सगळे मर्म यात आहे. ते आमच्याकडे केरसुणीच्या हिरांनी उलगडले. खोका उचलून पाहिला तेव्हा एक स्रोत त्यांच्या छेदापासून जेमतेम तीन-चार मिलिमीटर बाजूला होता.

मग संगणक. तेच आकडे एका तक्त्यात भरले, उभ्या बाजूला कोन, आडव्या बाजूला सरकण्याचे अंतर, आणि मोजणीनुसार गडद-फिका रंग. मध्यापासून दूर ठेवलेल्या स्रोताची त्यात साइन लाटेसारखी वळणदार रेषा उमटते, म्हणून त्याला सायनोग्राम म्हणतात. ते नाव मुलांनी मला विचारण्याआधीच ओळखले. तो तक्ता उलटा पसरवून चित्र काढण्याचा पायथन भाषेतला प्रोग्राम तीस-चाळीस ओळींत लिहून होतो. पहिले चित्र धूसर आले, प्रत्येक ठिपक्याभोवती चांदणीसारखी किरणे. ती का येतात, आणि पसरवण्यापूर्वी आकड्यांना एक गणिती गाळणी लावली की ठिपका स्वच्छ का होतो, हे समजून घेताना फूरिए रूपांतर (आकड्यांची लाटांत फोड करण्याचे गणित) हा शब्द त्या वर्षी पहिल्यांदा कोणाच्या तरी कामी आला. या गणिताचा पाया गणितज्ञ योहान राडोन यांनी १९१७ सालीच घातला होता.

महागडे यंत्र नसेल तर हा विषय शिकवता येत नाही, असे जे म्हटले जाते त्याला इतिहासाचाच आधार नाही. ॲलन कॉरमॅक हे केप टाउनमध्ये भौतिकशास्त्राचे शिक्षक होते. १९५६ साली त्यांना तिथल्या ग्रूट स्कूर रुग्णालयात किरणोत्सारी समस्थानिकांच्या वापरावर देखरेख करण्याचे काम काही काळ मिळाले, आणि शरीराच्या आतला नकाशा बाहेरच्या मोजणीतून कसा काढावा हा प्रश्न त्यांना तिथे पडला. त्यांचे पहिले उपकरण म्हणजे एक कोबाल्टचा स्रोत, एक गायगर काउंटर आणि ॲल्युमिनियमच्या चकतीभोवती लाकडाचे कडे बसवलेला ठोकळा. मोजणीत चकतीच्या मध्याशी त्यांना एक बारीकशी विसंगती दिसली. कार्यशाळेत चौकशी केल्यावर कळले की, चकतीच्या मध्यभागी थोड्या वेगळ्या ॲल्युमिनियमची खुंटी बसवलेली होती. ठोकळा न फोडता ती त्यांच्या आकड्यांनी शोधली होती. राडोन यांच्या कामाची माहिती त्यांना पुष्कळ वर्षांनी झाली. १९७९ साली सीटी स्कॅनर बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि हाउन्सफील्ड यांच्या पहिल्या यंत्रालाही एक छायाचित्र घ्यायला नऊ दिवस लागत होते. आमच्या थाळीला दोन दुपारी लागल्या.

पेट स्कॅनरही असाच पायरीपायरीने घडला. १९५०च्या दशकाच्या आरंभी बोस्टनमध्ये मेंदूतील गाठ शोधण्यासाठी डोक्याच्या दोन बाजूंना दोन सोडियम आयोडाइड डिटेक्टर ठेवून जोड्या मोजल्या गेल्या, म्हणजे तत्त्व आमच्या टेबलावरचेच. कड्याच्या आकाराची, अनेक दिशांनी एकाच वेळी पाहणारी यंत्रे १९७०च्या दशकात सेंट लुइस येथे मायकेल फेल्प्स, मिशेल टेर-पोगोसियन आणि सहकाऱ्यांच्या हातून आली. भारतात पहिला पेट स्कॅनर २००२ साली परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसला.

शिकवण्यासाठीच बनवलेला छोटा स्कॅनरही जगात आहे, आणि तो आपल्याला परका वाटू नये अशा ठिकाणी जन्मला. पोर्तुगालमधील आवेरो विद्यापीठाने ईझीपेट नावाची रचना केली. तिच्यात कड्याऐवजी दोनच छोटे डिटेक्टर समोरासमोर बसवलेले असतात, एक मोटर ती जोडी वस्तूभोवती गोल फिरवते आणि दुसरी तिला पंख्यासारखी झुलवते. मोठ्या यंत्रातले शेकडो डिटेक्टर जे एका क्षणात पाहतात ते हे दोन डिटेक्टर थोडा वेळ घेऊन पाहतात. एका इटालियन कंपनीने ती रचना शैक्षणिक संच म्हणून बाजारात आणली. आपण तोच संच विकत घ्यावा असा माझा आग्रह नाही. उलट, माझ्या मते पहिला संच आपल्याच मुलांनी जोडलेला असावा, कारण त्यातले निम्मे शिक्षण जोडण्यातच आहे. फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या एखाद्या विद्यार्थ्याला दोन स्टेपर मोटर आणि त्या चालवणारा छोटा अर्डुइनो बोर्ड यावर असा सांगाडा उभा करणे अवघड जाणार नाही. सोडियम आयोडाइडऐवजी सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर (मंद प्रकाश टिपणारी चिप) जोडलेले ल्युटेशियमचे छोटे स्फटिक घेतले, तर हजार व्होल्टच्या आसपासचा पुरवठा लागत नाही आणि आपल्या पावसाळ्याची भीतीही उरत नाही. मात्र नैसर्गिक ल्युटेशियम स्वतःच किंचित किरणोत्सारी आहे, त्यामुळे असा डिटेक्टर रिकाम्या टेबलावरही मोजत राहतो. विद्यार्थ्यांनी प्रथम तीच पार्श्वभूमी मोजावी, हा एक प्रयोग आपोआप पदरात पडतो.

आणखी एका प्रयोगाचा मी विशेष आग्रह धरीन. दोन डिटेक्टरांच्या मध्ये वीस सेंटिमीटर रुंदीचा पाण्याचा डबा ठेवायचा आणि त्यात स्रोत बुडवायचा, अर्थात जलरोधक नळीत घालून. ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण सुमारे सात सेंटिमीटर पाण्यात निम्मे होतात, त्यामुळे वीस सेंटिमीटरांतून जोडीतले दोघेही न अडखळता बाहेर पडण्याची शक्यता साधारण सातात एक. आता स्रोत डब्यात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवायचा. एक फोटॉन जवळून सुटतो, दुसऱ्याला लांब जावे लागते. पण दोघांचे मिळून पाणी तेवढेच, म्हणून जोड्यांची घट बदलत नाही. गाठ कितीही खोल असली तरी पेट स्कॅनमध्ये तिची दुरुस्ती अचूक करता येते, ती या एका गोष्टीमुळे. डॉक्टरांच्या हातात पडणाऱ्या अहवालाचा भरवसा कशावर उभा आहे, हे मुलाला स्वतःच्या आकड्यांतून कळते.

किरणोत्साराची काळजी रास्त आहे, आणि ती मी हलकी लेखत नाही. आपल्याला लागणारा स्रोत बंदिस्त असतो, त्यातून काही सांडत नाही, आणि गायगर काउंटरच्या प्रयोगासाठी महाविद्यालये आजही अशाच छोट्या स्रोतांचा वापर करतात. तरीही अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांप्रमाणे खरेदी, नोंदवही, कुलूपबंद शिशाचा डबा, स्रोत चिमट्यानेच आणि शिक्षकानेच हाताळणे, आणि जुना झालेला स्रोत रीतसर परत करणे, हे सगळे प्रयोगाचाच भाग मानावे. रुग्णालयातील औषध, ज्यात ११० मिनिटांचे अर्धायुष्य असलेले फ्लोरिन-१८ असते, ते महाविद्यालयात आणण्याची मुळीच गरज नाही आणि आणूही नये. भीती जाते ती मोजल्याने. आमच्या मुलांनी एकदा केळ्याचा हिशोब मांडला : केळ्यात पोटॅशियम असते, त्यातला पोटॅशियम-४० फार क्वचित पॉझिट्रॉन सोडतो, आणि एका केळ्यातून तास-दोन तासांत असा एखादा निघतो. त्या हिशोबानंतर मयड्याची केळी कोणी खायची सोडली नाहीत, आणि किरणोत्सार म्हणजे 'आहे की नाही' एवढेच नव्हे, तर 'किती' हा खरा प्रश्न आहे, हे त्यांच्या पालकांपर्यंतही पोहोचले.

एका गोष्टीची मात्र मला खरी धास्ती वाटते. मी पूर्वी एका संस्थेत शिकवत असताना तिथे अनुदानातून एक चांगले गॅमा स्पेक्ट्रोमीटर आले. त्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात झाली, उद्घाटनाचा फोटो निघाला, आणि कपाटाला कुलूप लागले. शिक्षकांना प्रशिक्षण दिलेले नव्हते, आणि बिघडले तर जबाबदार कोण, या भीतीने कोणी किल्ली मागितली नाही. तीन पावसाळ्यांनंतर मी ते कपाट उघडून घेतले तेव्हा स्फटिकाने ओल धरली होती. मीही त्या तीन वर्षांत किल्ली मागितली नव्हती, हे मला इथे नमूद केले पाहिजे. म्हणून माझी विनंती आहे की प्रत्येक महाविद्यालयाला एकेक यंत्र वाटण्याऐवजी आधी दोनच संच करावेत, एक उत्तर गोव्यासाठी, एक दक्षिणेसाठी, आणि ते वेळापत्रकाप्रमाणे साखळी, म्हापसा, खांडोळा, मडगाव, केपे असे फिरावेत. संचाबरोबर तो हाताळणारा प्रशिक्षित साहाय्यक फिरावा, आणि प्रशिक्षण शिक्षकांइतकेच प्रयोगशाळा साहाय्यकांनाही मिळावे. यंत्र शेवटी त्यांच्याच हातांत टिकते. गोवा लहान आहे, ही आपली अडचण म्हणून सांगितली जाते. या बाबतीत ती सोय आहे, कारण पेडण्यापासून काणकोणापर्यंत कोणतेही महाविद्यालय एका दिवसाच्या प्रवासाबाहेर नाही.

अभ्यासक्रम आधीच भरलेला आहे हे मला ठाऊक आहे, त्यात आणखी एक प्रकरण घालावे असे मी म्हणत नाही. अणुकेंद्राचे भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, संगणकीय पद्धती आणि सांख्यिकी हे चार विषय आपण आजही चार वेगळ्या खोल्यांत शिकवतो. हा एक प्रयोग त्या चौघांना एका टेबलावर आणतो. नव्या शैक्षणिक धोरणाने आलेल्या चार वर्षांच्या पदवीत कौशल्याधारित अभ्यासक्रमासाठी आणि प्रकल्पासाठी जी जागा ठेवली आहे, तिथे तो सहज बसतो. मूल्यमापनात मात्र जर्नलच्या सुबक पानांना गुण देऊ नयेत. खोक्याखाली काय आहे ते विद्यार्थ्याने शोधावे आणि आपले उत्तर कितपत चुकू शकते ते सांगावे, याला गुण द्यावेत. सूचनापुस्तिका इंग्रजीबरोबर मराठीत आणि कोकणीतही असावी, कारण सत्तरीतल्या किंवा सांग्यातल्या मुलाला यंत्राशी पहिली ओळख आपल्या भाषेत झाली, तर प्रश्न विचारायची त्याची भीड लवकर चेपते.

बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय विद्यापीठापासून हाकेच्या अंतरावर आहे. १८४२ साली पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा तो वारसा, आणि आपल्या भौतिकशास्त्राच्या मुलांपैकी फार थोड्यांनी तिथली पायरी चढलेली असते. एम.एस्सी.नंतर अणुशक्तिनगरात रेडिओलॉजिकल फिजिक्सचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम करून वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ होता येते, हेही पुष्कळांना पदवी हातात पडल्यावर कळते. वर्षातून एक दुपार दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी आमच्या थाळीभोवती एकत्र बसावे. वैद्यकीय विद्यार्थ्याला प्रतिमेतला भास कसा तयार होतो ते कळेल, आणि आमच्या मुलांना ती प्रतिमा पुढे कोणाच्या आयुष्यात जाते ते कळेल.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मला अर्धा तास मिळावा, ही विनंती आहे. डिटेक्टर, अँड गेटचे मंडल आणि फिरती थाळी मी घेऊन येते. स्रोतासाठी परवानगीची औपचारिकता लागेल, म्हणून त्या दिवशी तो आणणार नाही. त्याऐवजी मुलांनी नोंदवलेले आकडे, पुठ्ठ्याची तबकडी आणि हिरांचा एक जुडगा सोबत असेल. सदस्यांनी हीर स्वतः ठेवावेत. खोक्याखालच्या जागा एका बंद पाकिटात लिहून ठेवलेल्या असतील, ते पाकीट अध्यक्षांनी शेवटी उघडावे.

आपली नम्र,
भौतिकशास्त्राची एक शिक्षिका,
डिचोली, गोवा